मिशरी सोडताना: गरोदर आईसाठी, घरच्यांसाठी आणि आशाताईंसाठी, बाळाच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत बहुतेक वेळा "नाही" असेच उत्तर मिळते, आणि ते देणारी बाई खोटे बोलत नसते. तिच्या लेखी तंबाखू खाणे म्हणजे तळहातावर चुना मळून चिमूट गालात धरणे, आणि ते काम घरातल्या पुरुषांचे. ती फक्त सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर दातांना मिशरी लावते. तिलाच "दात कशाने घासता?" असे विचारले, की उत्तर लगेच येते आणि सोबत "त्यानं काय होतंय?" हा प्रतिप्रश्नही येतो. पुढील मार्गदर्शन त्या प्रतिप्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आणि उत्तर पटल्यानंतर प्रत्यक्षात काय करायचे ते सांगण्यासाठी आहे.

मिशरी, काही भागांत मशेरी, म्हणजे तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिचा रंग आणि वास बदलतो. निकोटिन मात्र तिच्यात उरते. बोटाने हिरड्यांवर चोळून ती काही वेळ तोंडात धरली, की हिरड्यांच्या पातळ त्वचेतून निकोटिन थेट रक्तात उतरते. सिगारेटमधले निकोटिन रक्तात झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते. तोंडात धरलेल्या तंबाखूचे मात्र रेंगाळत राहते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १.४ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचे १६.६ टक्के. त्यामुळे केवळ "विडी-सिगारेट ओढू नका" असे सांगणारा सल्ला आपल्याकडच्या बहुतेक गरजू स्त्रियांच्या डोक्यावरून जातो.

फुफ्फुसे कधी आणि कशी घडतात

सवय कधी सोडावी या प्रश्नाचे उत्तर फुफ्फुसांच्या घडणीच्या वेळापत्रकात आहे, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूने एक लहानसा कोंब फुटतो. त्याला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा फाटे, असे करत साधारण सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांच्या बहुतेक सर्व शाखा फुटून होतात. यानंतर नव्या शाखा जवळपास फुटत नाहीत. असलेल्याच लांब आणि रुंद होतात. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे विणले जाते, पुढे टोकांशी पातळ भिंतींच्या पिशव्या तयार होतात, आणि शेवटच्या महिन्यापासून खरे वायुकोश, म्हणजे श्वासातला प्राणवायू रक्तात जातो ते बारीक फुगे, बनू लागतात. जन्माच्या वेळी हे वायुकोश काही कोटी असतात. प्रौढपणी त्यांची संख्या तीस कोटींच्या वर जाते, म्हणजे त्यांतील बहुतेक जन्मानंतरच्या वर्षांत तयार होतात.

निकोटिनचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा असल्यामुळे वार, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोहोचवणारा गर्भाशयातला अवयव, त्याला अडवू शकत नाही. ते बाळाच्या रक्तात पोहोचते, गर्भजलात साठते, आणि बाळाकडील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणापेक्षा जास्तही असू शकते. घडत असलेल्या फुफ्फुसांत ॲसिटिलकोलीन या शरीराच्याच संदेशवाहक द्रव्यासाठी असलेले ग्राहक, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा, असतात, आणि निकोटिन त्याच ग्राहकांना जाऊन चिकटते. घडणीच्या काळात हा संदेश अवेळी आणि अखंड मिळत राहिला, तर काय होते, हे अमेरिकेतील ओरेगॉन येथील संशोधकांनी १९९९ साली ऱ्हीसस माकडांवर दाखवून दिले. माद्यांना गरोदरपणात धूर अजिबात न देता त्वचेखालच्या सूक्ष्म पंपातून फक्त निकोटिन दिले होते. त्यांच्या पिलांच्या फुफ्फुसांत हे ग्राहक वाढलेले आढळले, श्वासनलिकांच्या भिंतींत कोलॅजेन हा ताठर तंतू जास्त साचलेला होता, फुफ्फुसांची वाढ खुंटलेली होती आणि वायुकोशांची रचना साधी राहिली होती. नळ्या लांबल्या पण त्या प्रमाणात रुंदावल्या नाहीत, की बाळाला श्वास बाहेर सोडताना अडथळा होतो. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या नवजात बाळांत हाच दोष श्वास सोडण्याचा वेग मोजून दिसलेला आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत साध्या सर्दीबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, म्हणजे आपल्याकडे "छाती वाजणे" म्हणतात ते, या मुलांत अधिक आढळते.

मिशरीच्या बाबतीत पुरावा घरचाच आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेऊन २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूरविरहित तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मिशरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गरोदरपणाचा काळ सरासरी ६.२ दिवसांनी घटला. सहा दिवसांत काय मोठे, असे वाटू शकते, परंतु सरासरी सहा दिवसांनी सरकते तेव्हा काही बाळे कित्येक आठवडे आधी जन्मलेली असतात, आणि फुफ्फुसांना मिटू न देणारे सरफॅक्टंट हे द्रव्य तोवर पुरेसे तयार झालेले नसते. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या ओल्या तंबाखूला स्नूस म्हणतात. तेथील जन्मनोंदींवर आधारलेल्या २०११ सालच्या अभ्यासात स्नूस वापरणाऱ्या मातांच्या नवजात बाळांत श्वास मध्येच थांबण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे होते का, हे हिशेबात धरल्यावरही तो उरला. धूर नसला की बाळाला काही होत नाही, हा समज यानंतर धरून ठेवता येत नाही.

या वेळापत्रकातून दोन गोष्टी निघतात. मिशरी सोळाव्या आठवड्याच्या आत, शक्यतो दिवस राहण्याआधीच, सुटली तर सर्वांत चांगले, कारण शाखा फुटण्याचा काळ एकदाच येतो. आणि सातव्या-आठव्या महिन्यात लक्षात आले तरी "आता काय उपयोग" असे म्हणू नये, कारण वायुकोशांचे बहुतेक काम अजून व्हायचे असते.

विचारावे कसे

तपासणीची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असा आग्रह आरोग्य विभाग धरतो, आणि हीच मिशरीबद्दल विचारण्याची योग्य वेळ आहे. आशाताईंनी, सिस्टरांनी किंवा घरातल्या जाणत्या बाईने प्रश्न नावानिशी विचारावा: मिशरी, तपकीर, गुल, गुटखा, तंबाखू-चुना, तंबाखू घातलेले पान, यांपैकी काय वापरता? दिवसातून किती वेळा, पहिली वेळ उठल्यावर किती मिनिटांनी, आणि तोंडात किती वेळ धरता? उठल्याबरोबर, चहाच्याही आधी डबी लागत असेल, तर सवय पक्की आहे आणि सोडताना त्रास जास्त होईल, असे समजून तयारी करावी. दंतमंजनाचाही डबा पाहावा. दातांच्या उत्पादनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच मनाई केली आहे, तरी गावच्या बाजारात सुटे विकले जाणारे काळे किंवा लालसर मंजन कशाचे आहे, हे विकणाऱ्यालाही नेहमी माहीत असतेच असे नाही.

हा प्रश्न सासूबाईंच्या देखत विचारू नये, असा एक समज आहे. माझे मत उलट आहे, पण थोड्या फरकाने. पहिल्यांदा एकटीला विचारावे, कारण अनेक सुना घरच्यांपासून लपवून लावतात. नंतर तिच्या संमतीने सासूबाईंना सोबत घ्यावे, कारण पुष्कळ घरांत मिशरी भाजणारा हात त्यांचाच असतो आणि त्यांना बाजूला ठेवून सुटलेली मिशरी महिन्याभरात परत येते. "मी चार पोरं मिशरी लावूनच वाढवली" हे वाक्य त्या हमखास ऐकवतात. त्यावर वाद घालू नये. त्या चार मुलांपैकी कोणाची छाती लहानपणी वाजत असे, कोणाला पावसाळ्यात वाफ द्यावी लागे, हे शांतपणे विचारावे. बऱ्याचदा त्याच एखादे नाव सांगतात. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे खरे आहे, परंतु बोलणे तिथून पुढे सरकते.

सोडण्याचा दिवस

हळूहळू कमी करण्यापेक्षा एक दिवस ठरवून पूर्ण थांबवणे बहुतेकींना सोपे जाते, कारण मिशरी मोजून घेण्याची वस्तू नाही. बोटावर किती आली, याला काही माप नसते. दिवस येत्या आठवड्यातलाच असावा. तोवर घरातील तयार मिशरी संपवण्याच्या मागे लागू नये, ती टाकून द्यावी, डबी धुऊन तिच्यात लवंग किंवा बडीशेप भरावी आणि मिशरीसाठी वेगळा ठेवलेला तवा नजरेआड करावा. शेजारणीकडे मागून लावण्याची सोय असते, म्हणून तिलाही सांगून ठेवावे.

पहिल्या दिवशी काही तासांतच तलफ येऊ लागते. चिडचिड, डोके दुखणे, झोप मोडणे, कशात मन न लागणे हे त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते, हे तिला आधीच सांगितलेले असले तर फार उपयोग होतो. लाट आली की घोट-घोट पाणी प्यावे, बडीशेप चावावी, उठून अंगणात फेरी मारावी किंवा कोणाशी तरी बोलत बसावे. या दोन-तीन दिवसांत तिच्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक किंवा शेतावरचे जड काम टाकू नये. पती स्वतः तंबाखू मळत असेल तर त्याने निदान तिच्यासमोर मळू नये, आणि खरे तर त्याच दिवशी आपलीही पुडी सोडावी.

मिशरी जी कामे करत होती ती कोणी करायची

या भागाकडे बहुतेक सल्ल्यांत दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते सवय परत येण्याचे ते मोठे कारण आहे. मिशरी तिच्या दिवसातली कामे करत असते. दात घासल्यासारखे वाटते, शौचाला होते, मळमळ बसते, आणि सकाळची पाच मिनिटे तिची स्वतःची असतात. यांतील प्रत्येक कामाला पर्याय दिला नाही, तर नुसता "सोडा" हा शब्द पोकळ ठरतो.

दातांसाठी साधी टूथपेस्ट आणि मऊ ब्रश द्यावा. गरोदरपणात हिरड्या फुगतात आणि ब्रश लागला की रक्त येते. मिशरी सोडल्यामुळे रक्त आले, असा गैरसमज करून काही जणी पुन्हा डबीकडे वळतात, म्हणून हे आधी समजावून सांगावे आणि रक्त थांबत नसेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. शौचाची तक्रार खरी असते, त्यातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की बद्धकोष्ठ वाढते. अशा वेळी गोळ्या बंद करण्याची किंवा मिशरी पुन्हा लावण्याची चूक होते. त्याऐवजी सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पेरू-पपनससारखी फळे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घ्यावे. मळमळीसाठी अंथरुणातून उठण्याआधीच भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मूठभर कुरमुरे खावे आणि दिवसभर थोडे-थोडे खात राहावे. गिळली गेलेली मिशरी पोटात आम्ल आणि मळमळ वाढवते, त्यामुळे पहिला आठवडा निभावला की अनेकींना स्वतःलाच फरक कळतो.

सकाळच्या त्या पाच मिनिटांना औषध नाही. घरात कोणी उठण्याआधी मागच्या दारी पायरीवर बसून मिशरी लावणाऱ्या बाईला त्या वेळेत कोणी हाक मारत नाही, आणि तंबाखूइतकीच तिला त्या न मारलेल्या हाकेची सवय असते. ब्रश घेऊन ती त्याच पायरीवर तेवढाच वेळ बसली, तर बसू द्यावे.

औषधे, च्युइंगगम आणि क जीवनसत्त्व

निकोटिनचे च्युइंगगम दुकानात सहज मिळते, पण त्यातही निकोटिनच असते आणि वार ओलांडताना ते कोठून आले, याने फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली गरोदर स्त्रियांसाठी समुपदेशनाचा मार्ग सुचवला आणि बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लीन ही तंबाखू सोडवण्याची औषधे गरोदरपणात वापरू नयेत, असे सांगितले. गम किंवा त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा विचार फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांनी, समुपदेशन करूनही न सुटणाऱ्या सवयीसाठी करावा. परदेशी राहणाऱ्या मराठी मुलींना ई-सिगारेट "सुरक्षित" म्हणून सुचवली जाते. बाळाच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने तीही निकोटिनच पोहोचवते. भारतात तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे.

समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी निःशुल्क आहे. फोन करायला संकोच वाटत असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते, त्या दिवशी विषय काढावा आणि सवयीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करून घ्यावी.

क जीवनसत्त्वाबद्दल बरेच विचारले जाते. अमेरिकेत ज्या गरोदर स्त्रियांना धूम्रपान सोडणे जमले नव्हते, त्यांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. त्यांच्या नवजात बाळांची फुफ्फुसे अधिक चांगली चालत होती, आणि पहिल्या वर्षात छाती वाजणाऱ्या बाळांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. तरीही गोळी घेऊन सवय चालू ठेवण्याची मुभा यातून मिळत नाही, कारण कमी वजन आणि अपुरे दिवस हे धोके तसेच राहतात. पूरक गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पेरू आणि आवळा खायला मात्र कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. १०० ग्रॅम पेरूतच २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते.

बाळ आल्यावर

नऊ महिने मिशरीशिवाय काढलेली बाई बाळंतपणात परत तिच्याकडे वळते, हे वारंवार दिसते. झोप मोडलेली असते, माहेरी आजी किंवा काकू डबी पुढे करतात, आणि बाळ आता पोटात नाही, असे वाटते. निकोटिन दुधात उतरते, आणि आईच्या रक्तातल्यापेक्षा दुधात त्याचे प्रमाण जास्त असते. तरीही मिशरी पुन्हा सुरू झाली म्हणून अंगावर पाजणे थांबवू नये; दूध थांबवल्याने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे. मिशरी लावलीच गेली, तर ती पाजून झाल्यावर, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत जास्तीत जास्त अंतर राहील अशी, आणि हात-तोंड स्वच्छ धुऊनच बाळाला घ्यावे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. यांतील प्रत्येक भेटीत मिशरीचा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे.

ज्या बाळाच्या श्वासनलिका आधीच अरुंद असू शकतात, त्याच्या खोलीत कसलाही धूर नको. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देण्याची आणि न्हाणे झाल्यावर बाळाला ओवा-बाळंतशेपाची धुरी देण्याची रीत आहे. धुरी पूर्णपणे टाळावी. आईला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. मिशरी घरात दुसरे कोणी लावत असेल, तर निदान ती घरात भाजू नये, कारण भाजताना उठणारा ठसका आणणारा धूर तंबाखूचाच असतो.

बाळाचे लसीकरण वेळेवर करावे, त्यातही सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना मिळणारी न्यूमोकोकल लस चुकवू नये. सर्दी-खोकला झाला की बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा बाळ अंगावर प्यायचे थांबले असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मध्येच थांबला किंवा ओठ निळसर झाले, तर घरी वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. आणि तेथे पोहोचल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, आईला मिशरीची सवय होती की आहे, आणि सुटली असेल तर कितव्या महिन्यात सुटली, हे आपणहून सांगावे.